नवा सूत्रकृमी सापडला? बारशाआधी या चुका टाळा

कीटक मारणारे सूत्रकृमी पकडायला मातीत ठेवलेली मेणपतंगाची अळी मेली, व्हाइट ट्रॅपच्या (मेलेल्या अळीतून निघणारे कृमी गोळा करायच्या ताटलीच्या) पाण्यात वळवळ दिसली, की नवशिक्यांचं नाव ठरलेलंच असतं. बारशाची घाई, बाळ कोणाचं याचा पत्ता नाही.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते लांबीवरून. एका विद्यार्थ्याने स्टायनरनेमा या कीटकमार कृमींच्या वंशातल्या 'नव्या प्रजातीचा' मसुदा आणला. संसर्गक्षम (कीटकात शिरणारी) पिल्लं जवळच्या प्रजातीपेक्षा चांगलीच आखूड, तक्ते चोख. ट्रॅपवरून कधी गोळा केली, विचारलं तर गडी गप्प. सगळी एकाच अळीतली, तीही शेवटी शेवटी निघालेली! आत गर्दी झाली, खाणं संपत आलं की मागून येणारी बारकीच निघतात. ताज्या अळ्यांवर पुन्हा वाढवून सुरुवातीची मोजली, तर आकडे जुन्याच प्रजातीत बसले. डीएनएनेही तेच सांगितलं. तारखेची चिठ्ठी नसलेल्या डबीतला कृमी मी स्लाइडवर घेतच नाही, आणि निदान २० ते २५ मोजायचे ते वेगवेगळ्या अळ्यांतले.

दुसरं, अळी मारली कोणी? सडक्या अळीवर ऑशियससारखे इतर कृमी आयते पाहुणे म्हणूनही येतात. (त्यांतले काही खरोखर कीटक मारतात, म्हणून नुसतं नाव बघून फेकूही नका.) हेटेरोऱ्हॅब्डिटिस या दुसऱ्या कीटकमार वंशाने मारलेली अळी सहसा विटकरी होते, अंधारात मंद चमकते, स्टायनरनेमाची पिवळट-तपकिरी. घाण वास सुटला की मला शंका येते. पिल्लं बाहेरून निर्जंतुक करून धडधाकट अळ्यांना द्या. त्या मरून आत तोच कृमी मिळाला तर पुढे बोलू.

स्टायनरनेमाच्या, अळीच्या आत होणाऱ्या दोन्ही पिढ्यांतले नर वेगळे मोजा, सरासरीत कालवू नका. कृमी गरम पाण्याने मारा. थंड फॉर्मेलिनमध्ये टाकलेले वेडेवाकडे होतात. स्पिक्यूल (नराचे समागमाचे काटे) बाजूनेच बघा.

आयटीएस या डीएनएच्या एकट्या तुकड्यावर उड्या मारू नका, २८एस जनुकाचा डी२-डी३ भागही घ्या. जेनबँकेत (डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक साठ्यात) पहिलं आलेलं नाव म्हणजे निकाल नव्हे, चुकीच्या नावाची नोंद तिथेही असते. संकराच्या प्रयोगात त्याच प्रजातीची आपापसातली जोडी कंट्रोल म्हणून हवीच, नाहीतर 'पिल्लं झाली नाहीत' याला काडीची किंमत नाही. घाईत ठेवलेली नावं पुढे पुसली जातात. हेटेरोऱ्हॅब्डिटिस हेलिओथिडिस आज बॅक्टेरिओफोरा या प्रजातीतच धरतात.

होलोटाइप (ज्यावरून प्रजातीचं नाव ठरतं तो मूळ नमुना) स्वतःच्या कपाटात ठेवू नका, सार्वजनिक संग्रहात द्या. लेख फक्त ऑनलाइन येणार असेल तर झूबँकची (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत नोंदवहीची) नोंदणी आधी करून तिचा उल्लेख लेखातच करा. २०१२ पासून त्याशिवाय नाव ग्राह्य धरत नाहीत.