आईबाबांचा ईईजी दरवर्षी ताडून बघायचा असेल तर

अल्झायमर सुरुवातीचाच आहे आणि डॉक्टरांनी ठरावीक काळाने ईईजी, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरींची नोंद, काढायला सांगितलाय, तर एकच पक्कं धरा, दर वेळी सगळं सारखं पाहिजे. एकट्या ईईजीवरून अल्झायमर ठरत नाही, पण त्याच माणसाचा मागचा आणि आत्ताचा शेजारी ठेवला की मेंदूच्या लहरी मंदावतायत का हे कळू शकतं.

डोळे मिटून जागं राहिलं की डोक्याच्या मागच्या भागात अल्फा लहरी येतात, सेकंदाला साधारण 8 ते 13. आजारात हा वेग हळूहळू उतरतो आणि 4 ते 8 वाल्या थीटा लहरी वाढतात. रिपोर्टवर नुसतं नॉर्मल आलं म्हणून फाईल बंद करू नका, डोक्याच्या मागच्या भागातला अल्फा किती हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला किती लहरी) तो आकडा मागा, कारण गेल्या वेळी साडेनऊ आणि आता साडेआठ असला तरी दोन्हीकडे नॉर्मलच छापून येऊ शकतं आणि बघायचं असतं ते नेमकं हेच उतरणं.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो झोपेने. डुलकी लागली की निरोगी माणसाचीही थीटा वाढते. सिन्नर-निफाडहून नाशिकला येणाऱ्यांनी अगदी सकाळची वेळ घेऊच नका, पहाटे उठवून एसटीने सीबीएस स्टँडला आणलेलं म्हातारं माणूस वायरी लावेपर्यंत पेंगायला लागतं. टेक्निशियनला आधीच सांगून ठेवा, डोळे मिटलेले असताना पेंग आली तर नावाने हाक मारा आणि तशी नोंद करा. आदल्या दिवशी केस धुवा, तेल अजिबात नको, आपल्या आयांना हे पटवायला वेळ लागतो पण तेलाने इलेक्ट्रोड नीट धरत नाही. चहा घेतला असेल तर पुढच्या वेळीही तेवढाच.

सेंटर तेच ठेवा, एकदा कॉलेज रोड, एकदा मुंबई नाका नको. कागदासोबत ईडीएफ फाईल, म्हणजे लहरींची मूळ डिजिटल नोंद, पेनड्राइव्हवर मागून घ्या, वेग पुन्हा मोजता येतो.

गोळ्यांची यादी तारखेसकट न्या. झोपेच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या, अल्झायमरची डोनेपेझिल, सगळ्यांनी लहरी बदलू शकतात. टेस्टसाठी मनाने काही बंद करू नका, फक्त कधी सुरू झालं, डोस कधी बदलला ते लिहा. त्याच सुमाराला केलेल्या स्मरणशक्तीच्या टेस्टचे मार्कही शेजारी लिहा, 30 पैकी किती ते, आणि दोन्ही आकडे एकत्रच डॉक्टरांपुढे ठेवा.