खासगी शाळा निवडताना आधी घरचं कॅलेंडर काढा

डिसेंबर उजाडला की माझ्या दुकानात दोन तऱ्हेची गर्दी होते, सातबारावाल्यांची आणि ॲडमिशनवाल्यांची. कुडाळात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे माझं. कुठल्या शाळेचा फॉर्म केवढ्याला, कोण कसले कागद मागतं, कोणाला मे महिन्यात घामाघूम होऊन परत यावं लागतं, ते सगळं काउंटरवरून दिसतं. पहिला प्रश्न ठरलेला, "वहिनी, बरी शाळा खंयची?" याला मी उत्तर देत नाही. कोणाच्या घराला बरी, ते आधी कळायला हवं.

म्हणून पहिलं काम शाळा बघायचं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि आपल्या घराचं वर्ष कसं जातं ते बघा. आमच्याकडे आंब्याची कलमं आहेत. मार्च ते मे घरातला एकही हात मोकळा नसतो. काढणी, निवडणं, पेट्या भरणं, रात्री उशिरा गाडी लावणं. सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं नवं वर्ष एप्रिलातच सुरू होतं. म्हणजे नवा वर्ग, नवी पुस्तकं आणि पहिली पालकसभा नेमकी आंब्याच्या भरात. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तेव्हा बाग आवरलेली असते आणि हातात चार पैसेही असतात. मच्छीमाराच्या घराचं गणित याच्या अगदी उलट. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, आणि शाळेच्या फीचा पहिला हप्ता जूनमध्ये! मालवण-देवगडकडच्या पालकांना मी सांगते, पहिला हप्ता सप्टेंबरात चालेल का ते ॲडमिशनच्या आधी विचारा आणि "चालेल" म्हणाले तर लिहून घ्या. होम स्टे असेल तर डिसेंबरचा शेवट आणि मे तुमचे कमाईचे दिवस. तेव्हा शाळा तुमच्याकडून काय काय मागते ते बघा.

आणि चवथ. बाहेरगावच्या मोठ्या संस्थेची शाळा असेल तर वेळापत्रक तिकडून छापून येतं आणि त्यात गणपतीला दोन दिवस सुट्टी असते. सिंधुदुर्गात दोन दिवसांत गणपती होतात का कोणाचे? गेल्या वर्षीचं सुट्ट्यांचं आणि परीक्षांचं पत्रक मागून घ्या. चवथीच्या पुढच्या आठवड्यात चाचणी दिसली तर ओळखा की दरवर्षी मुंबईहून चाकरमानी आल्यावर तुमचं पोर माजघरात पुस्तक घेऊन बसणार आहे.

आता खासगी म्हणजे नक्की काय, ते. आपल्याकडे खासगी म्हटलं की पिवळी बस आणि टाय डोळ्यांसमोर येतो. पण मालवणचं टोपीवाला हायस्कूल किंवा रत्नागिरीचं पटवर्धन हायस्कूल यासुद्धा खासगी संस्थांच्याच शाळा. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं, त्यामुळे फी नाममात्र असते. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळेत सगळा खर्च पालकांच्या खिशातून. अंशतः अनुदानित हा मधला प्रकार. अनुदानित शाळेतला सेमी इंग्रजीचा वर्ग बऱ्याच घरांना पुरेसा असतो, असं माझं मत. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून, आणि अभ्यास घ्यायला आजीसुद्धा बसू शकते. पूर्ण इंग्रजी माध्यम घ्यायचं तर संध्याकाळी मुलाजवळ कोण बसणार ते आधी ठरवा. शिकवणी लावू म्हणालात तर तिची फी शाळेच्या फीत धरा. इंग्रजी माध्यमात मराठी सुटेल ही भीती मात्र नको. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे.

शाळेचं नाव नक्की करण्याआधी दोन आकडे मागा. एक, यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक. तो ११ अंकी असतो आणि महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो. दुसरा, मंडळाचा संलग्नता क्रमांक. मंडळाच्या वेबसाइटवर तो घालून शाळेचं नाव आणि मान्यता कितवीपर्यंत आहे ते स्वतः वाचा. पाटीवर "सीबीएसई पॅटर्न" असेल तर विशेष सावध राहा, पॅटर्न म्हणजे मान्यता नव्हे. नववीला मंडळाकडे नोंदणी होते आणि तेव्हा कळतं की मुलाचं नाव दुसऱ्याच कुठल्या शाळेतून पाठवलंय. पहिलीत घालताना नववीचं कोण बघतो! पण आठवीनंतर शाळा बदलायची म्हणजे पोराचे हाल.

"दहावीचा १०० टक्के निकाल" या बॅनरला भुलू नका. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून आपलं कोकण मंडळ, आणि ते वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतंय. २०२४ ला मंडळाचा निकाल ९९.०१ टक्के होता. जिथे शंभरातली नव्याण्णव पास होतात तिथे शंभर टक्क्यांचं कौतुक किती करायचं? त्यापेक्षा शिष्यवृत्ती परीक्षेला किती मुलं बसली ते विचारा. आणि नववीतून किती मुलं दुसरीकडे गेली, तेही. निकाल शंभर ठेवण्यासाठी कच्च्या मुलांना आधीच वाटेला लावणाऱ्या शाळा असतात. हा प्रश्न विचारला की मुख्याध्यापक साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

शाळा बघायला गॅदरिंगच्या दिवशी जाऊ नका. साध्या मंगळवारी जा. जमलं तर आदल्या वर्षीच्या जुलैत, पाऊस धो धो पडत असताना. वर्गात पाणी येतं का, छत्र्या कुठे ठेवतात, ओल्या गणवेशातल्या मुलांचं काय करतात, मुलींच्या संडासाला कडी आहे का आणि नळाला पाणी आहे का, हे पावसात लपत नाही. मग एखाद्या वर्गातल्या वह्या बघायला मागा. एका शाळेत मी तिसरीच्या वह्या चाळल्या. "माझी आई" हा निबंध. प्रत्येक वहीत तेच शब्द: माझी आई नोकरी करते, ती मला रोज गोष्ट सांगते. त्यात आमच्या बाजारात मासे विकणाऱ्या बाईची मुलगी होती. तिच्याही वहीत आई नोकरीच करत होती, आणि खाली लाल शाईत "छान". इमारत नवी कोरी, कॉम्प्युटर लॅबला एसी. मी तिथून निघाले ती परत गेले नाही. चांगल्या शाळेत वह्या एकसारख्या नसतात, त्यात खाडाखोड असते आणि बाईंनी चूक कुठे झाली ते लिहिलेलं असतं.

शिक्षक किती वर्षं टिकतात तेही विचारा. साहेबांना नको, गेटवर उभ्या असलेल्या पालकांना. "यंदा इंग्रजीक तिसऱ्यो बाई" असं कोणी म्हणालं की पुढचं विचारायला नको. कायद्याने पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. वर्गात डोकी मोजायला दोन मिनिटं लागतात.

रस्त्याचा विषय आपल्याकडे फीपेक्षा मोठा आहे. बस वाडीपर्यंत येत नाही, तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे थांबते. घरापासून तिठ्यापर्यंतचा रस्ता पावसात कसा असतो ते तुम्हालाच माहीत. मधे कॉजवे असेल तर पाणी चढल्यावर बस अलीकडून परत फिरते. माणगाव खोऱ्यातल्या लोकांना आंबेरीचा जुना पूल पाण्याखाली जायचा तेव्हा काय व्हायचं ते सांगायला नको. शाळेला विचारा: मुलं शाळेत असताना पाणी चढलं तर ती कुठे थांबतात, कोण सोबत असतं, फोन कोण करतं? याचं उत्तर तयार नसेल तर ती शाळा अजून कोकणात आलेली नाही. बसमध्ये मुलं सांभाळणारी मावशी हवीच, हा नियमच आहे. शाळेची परिवहन समिती असते, तिच्यात पालक कोण आहेत ते विचारा. पांढऱ्या नंबरप्लेटच्या व्हॅनमध्ये चौदा पोरं कोंबून नेतात ते शाळेचं वाहन नव्हे, शाळा कितीही "आमचीच गाडी" म्हणू दे. पाचवीपासून पुढच्या गावाकडच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास असतो. शाळा एसटीच्या रस्त्यावर असेल आणि वेळ जुळत असेल तर बसचे वर्षाचे पैसे वाचतात.

फीबद्दल थोडं नीट ऐका. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. शाळेने पुढच्या वर्षाची फी किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायची असते आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलत नाही. म्हणून जानेवारीत "अजून ठरली नाय" असं उत्तर मिळालं तर कुठेतरी पाणी मुरतंय. ट्यूशन फी ऐकून खूश होऊ नका. टर्म फी, बस, पुस्तकं, दोन गणवेश, स्पोर्ट्सचे बूट, सहल, गॅदरिंगचे कपडे हे सगळं मांडून वर्षाची बेरीज करा. बिल्डिंग फंड म्हणा की देणगी म्हणा, प्रवेशासाठी पैसे मागणं १९८७ पासून आपल्या राज्यात बेकायदा आहे. शिक्षण हक्क कायद्यात तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. तरी मागतात. निदान "पावतीवर काय लिहिणार?" एवढं विचारा. कधी कधी तेवढ्यानेच रक्कम खाली येते.

त्याच शिक्षण हक्क कायद्यातल्या, खासगी शाळांतल्या २५ टक्के मोफत जागा बऱ्याच जणांना माहीत असतात, पण अर्धवट. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत हवं आणि तसा तहसीलदारांचा दाखला. वंचित घटकातल्या जातींना उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला लागतो. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीने, जवळच्या शाळेला प्राधान्य. २०२४ मध्ये राज्याने सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना यातून वगळलं होतं, पण मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना या जागा लागू नाहीत, त्यामुळे कॉन्व्हेंटचं नाव यादीत शोधत बसू नका. आणि कोणी सांगत नाही ती गोष्ट: मोफत शिक्षण आठवीपर्यंतच. नववीची पूर्ण फी झेपेल का, याचा विचार पहिलीच्या फॉर्मबरोबरच करा.

कागदांत लोक सगळ्यात जास्त अडकतात ते जन्मदाखल्यावर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंद माहेरच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. दाखला काढला तर त्यावर बाळाचं नावच नसतं, कारण बारसं नंतर झालं आणि नाव घालायला कोणी परत गेलंच नाही. जन्मापासून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं, पण ते काम डिसेंबरात करा. मग आधार, लसीकरणाचं कार्ड, लागत असेल तर जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा, फोटो. सगळीकडे नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं हवं. आमच्याकडे आधारवर एक आडनाव, दाखल्यावर गावाचं नाव आडनाव म्हणून, आणि आजोबांच्या कागदावर तिसरंच, अशी घरं रोज येतात. शाळेच्या रजिस्टरला जे नाव चढतं ते दहावीच्या सर्टिफिकेटपर्यंत जातं. म्हणून फॉर्म भरताना इंग्रजी स्पेलिंग जन्मदाखला समोर ठेवूनच लिहा, आठवणीने नको. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नावही येतं, ते विसरू नका.

वय: पहिलीसाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण हवीत. नोव्हेंबर-डिसेंबरातलं मूल काठावर बसतं. घालता येतं म्हणून घालू नका, वर्गात सगळ्यात लहान राहतं ते.

फॉर्म दोन शाळांचे भरा, पाच नको. प्रत्येक फॉर्मची झेरॉक्स काढून ठेवा (माझ्या धंद्यासाठी सांगत नाही) आणि जमा केल्याची तारखेसकट पोच घ्या. पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची परीक्षा घेणं कायद्याला मान्य नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे. तरी "नुसती ओळख" म्हणून बोलावतात. जा, पण मुलाला पाठांतर करवून नेऊ नका. बाईंनी विचारल्यावर पोर गप्प राहिलं तर त्या थांबतात की घाई करतात, एवढं बघून या.

मुलाला जिल्हा परिषदेच्या किंवा मुंबईच्या शाळेतून आणत असाल तर नव्या शाळेने लेखी होकार दिल्याशिवाय जुन्या शाळेचा सोडल्याचा दाखला काढू नका. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. अडवला तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना साधा अर्ज द्या, एक प्रत शाळेला.

शाळा सुरू झाल्यावर ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ तयार व्हायला हवा. त्या सभेला जा, आईने जावं. फी जिच्यापुढे येते त्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक चिठ्ठी टाकून निवडतात. बहुतेक पालक सभेला येतच नाहीत आणि मग पुढची दोन वर्षं फी जास्त म्हणून बोंबलतात. तुमची चिठ्ठी टाका.