वनस्पतींच्या टँकसाठी एकमेकांना मानवणारे देशी मासे कसे निवडावेत

दुकानात 'देशी' म्हणून दाखवले जाणारे मासे अनेकदा केवळ इथे पैदास झालेले असतात. निऑन टेट्रा मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातला, तर चेरी बार्ब श्रीलंकेचा. खरोखर भारतीय असलेले मासेही एकाच पाण्यातले नसतात. काही पश्चिम घाटातल्या वाहत्या ओढ्यांचे, तर काही गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या संथ, झाडाझुडपांनी भरलेल्या डबक्यांचे. म्हणून आधी पाणी ठरवावे आणि मग मासे.

पहिली पायरी पाणी तपासण्याची. बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते, तर नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. टेस्ट किटने पीएच व जडपणा मोजावा आणि क्लोरीन घालवणारे औषध वापरावे. पुढची निवड तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक गृहीत धरून केली आहे. त्यात कडेपर्यंत सुमारे 190 लिटर पाणी मावते, पण वाळू आणि दगड घातल्यावर प्रत्यक्षात त्याहून कमी उरते.

दुसरी पायरी प्रवाह निवडण्याची. दाट वनस्पती हव्या असतील तर संथ पाणी सोयीचे. वॅलिस्नेरिया, लिम्नोफिला, रोटाला आणि आपली नीरब्राह्मी अशा टँकमध्ये चांगल्या वाढतात. वरच्या थरासाठी चार-पाच हनी गौरामी घ्यावेत, त्यात नर एक आणि बाकीच्या माद्या. विणीच्या दिवसांत नराचे अंग मधासारखे केशरी होते, गळ्यापासून पोटापर्यंतचा भाग काळपट निळा पडतो आणि तो पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो. हा मासा हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे झाकण आणि पाणी यांत दोन बोटे मोकळी जागा ठेवावी. मधल्या थराला सहा-सात ग्लासफिश शोभतात; मात्र पारदर्शक अंगावर गुलाबी किंवा हिरवा पट्टा दिसला तर तो नैसर्गिक नसून सुईने रंग टोचलेला असतो. असे मासे घेऊ नयेत. ग्लासफिशला सुरुवातीला जिवंत किंवा गोठवलेले खाद्य लागते. तळाशी मऊ वाळू असेल तर सामान्य वाळू-लोचचे पाचेक मासे ठेवता येतात. दिवसा ते वाळूत शिरून बसतात, म्हणून ते दिसले नाहीत तर घाबरून जाण्याचे कारण नाही.

झेब्रा डॅनिओ काटक आणि स्वस्त असला तरी या जोडीत तो नको. त्याच्या धावपळीत संथ गौरामीच्या तोंडी खाद्य पडतच नाही. डॅनिओंचा आठ-दहांचा थवा हवा असेल तर त्यांच्यासाठी थोडा प्रवाह असलेला वेगळा टँक करावा.

तिसरी पायरी पूर्ण वाढीचा विचार करण्याची, आणि बहुतेकांचे गणित चुकते ते इथेच. दुकानात बोटाच्या दोन पेरांएवढा दिसणारा फिलामेंट बार्ब किंवा डेनिसन बार्ब पुढे 12 ते 15 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, थव्याने राहतो आणि तीन फुटांच्या टँकमध्ये कोंडला जातो. डेनिसन बार्ब निसर्गात संकटग्रस्तही आहे, म्हणून मोठ्या टँकसाठी घेतानाही तो बंदिस्त पैदाशीचाच घ्यावा. रोझी बार्ब कोवळी पाने कुरतडतो. शिंगटा आणि मरळ यांची पिल्ले कितीही गोजिरवाणी दिसली तरी आणू नयेत. ती तोंडात मावेल तो मासा गिळतात. बटू पफर शेपट्या आणि पर तोडतो. दोन सेंटिमीटरचा स्कार्लेट बॅडिस निरुपद्रवी आहे, पण तो बहुधा जिवंत खाद्यच घेतो आणि गर्दीत उपाशी राहतो.

शेवटची पायरी मासे सोडण्याची. फिल्टर सुरू करून साधारण चार ते सहा आठवडे थांबावे आणि अमोनिया व नायट्राइट ही माशांना विषारी असणारी द्रव्ये तपासणीत दोन्ही शून्य आल्यावरच खरेदीला जावे. पोट खपाटीला गेलेला, पर मिटून कोपऱ्यात बसलेला किंवा अंगावर पांढरे ठिपके असलेला मासा घेऊ नये. त्याच टाकीतले इतरही टाळावेत. नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत. मग आधी ग्लासफिश, नंतर लोच आणि सर्वांत शेवटी गौरामी सोडावेत, कारण गौरामीचा नर आधी आला तर तो कोपरा बळकावून बसतो.

पिल्ले जास्त झाली तर ती दुसऱ्या हौशी पाळणाऱ्याला द्यावीत किंवा दुकानदाराला परत करावीत. विहिरीत किंवा नदीत ती सोडू नयेत, कारण देशी असला तरी हनी गौरामी कृष्णा-गोदावरीत उपराच आहे.