आलिमा कोर्सला जाण्याआधी : कोकणातल्या मुलींसाठी

आलिमा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र शिकलेली बाई, होऊन आलेल्या मुलीकडे गावातल्या बायका बहुतेक वेळा दोनच विषय घेऊन येतात, एक पाळीचा आणि दुसरा वारशाच्या वाटणीचा. पहिला मौलानासाहेबांना विचारायला लाज वाटते आणि दुसरा भावांच्या देखत काढता येत नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली. दहावी मराठी शाळेत केली, मग घराबाहेर राहून आलिमा कोर्स केला. आता मकतबमध्ये, म्हणजे लहान मुलांना कुरआन शिकवणाऱ्या वर्गात, मुलींना शिकवते. शव्वालमध्ये, म्हणजे रमजाननंतरच्या महिन्यात, मदरशांचे प्रवेश सुरू होतात, त्याच्या आधी पुष्कळ मुली आणि त्यांच्या आया विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

सुरुवात भाषेपासून करा. आपण नाजरा कुरआन, म्हणजे अर्थ न शिकता नुसतं पाहून वाचणं, लहानपणीच शिकतो, त्यामुळे अक्षरं ओळखीची असतात. पण मदरशातलं शिकवणं उर्दूतून चालतं, आणि उर्दू छापताना जेर-जबर (स्वरांच्या खुणा) देत नाहीत. मराठी शाळेतून आलेली मुलगी पहिले काही महिने इथेच अडते आणि आपल्याला जमणार नाही असं मनात धरून बसते. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत बालभारतीची उर्दू पहिली ते चौथीची पुस्तकं रोज मोठ्याने वाचा. एवढ्यानेही वर्गात बसण्याचा धीर येतो.

त्यानंतर अरबी. सर्फ आणि नहव, म्हणजे शब्द कसा घडतो आणि वाक्यात कसा बसतो. पहिलं वर्षभर गरदान पाठ करायचे असतात, एकेका क्रियापदाची चौदा-चौदा रूपं. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर द्विवचन पाहून घाबरणार नाही, ते अरबीतही आहे. या वर्षात चालढकल करू नका, एवढं मी अगदी कळकळीने सांगते. पुढे फिक्हचं (धर्माच्या नियमांचं) पुस्तक येतं, हदीस (पैगंबरांची वचनं आणि कृती) येते, तफसीर (कुरआनचं स्पष्टीकरण) येते. ज्या मुलीची नहव कच्ची राहिली ती उस्तानींनी सांगितलेला उर्दू तर्जुमा पाठ करून पास होते, पण मूळ पान उघडून तिला स्वतःला काही शोधता येत नाही. गावात बाई प्रश्न घेऊन समोर बसली की शोधावंच लागतं.

आता कोकणातल्या मुलींसाठी सगळ्यात महत्त्वाचं. फिक्हच्या वेगवेगळ्या परंपरा आहेत; आपण कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे. महाराष्ट्रातल्या आणि उत्तरेतल्या बहुतेक मदरशांत फिक्ह हनफी शिकवतात: कुदूरी, मग हिदाया. ही पुस्तकं मनापासून शिका, त्यांतून मसला (धर्माच्या नियमाचा प्रश्न) मांडण्याची शिस्त लागते. पण घरी परतल्यावर तुम्हाला विचारणारी बाई शाफई असणार. हैजचंच (पाळीच्या रक्ताचं) बघा. हनफी फिक्हमध्ये कमीत कमी 3 दिवस आणि जास्तीत जास्त 10 दिवस. शाफईमध्ये कमीत कमी एक दिवस-रात्र आणि जास्तीत जास्त 15 दिवस. तांबी बसवल्यावर एखादीला बारा दिवस रक्त जातं. शाफई हिशोबाने ते बाराही दिवस हैज, त्या दिवसांची नमाज माफ. हनफी हिशोबाने मर्यादा ओलांडली, म्हणून नेहमीच्या सवयीचे दिवस तेवढे हैज आणि वरचे इस्तिहाजा, म्हणजे पाळीबाहेरचं रक्त. त्या वरच्या दिवसांची नमाज तिच्यावर फर्ज (बंधनकारक). रमजान असला तर किती रोज्यांची कजा (नंतर भरपाई), हेही त्यावरच ठरतं. चुकीचा मसला सांगितला तर त्या बाईची इबादत अडकते. म्हणून प्रवेशाच्या वेळीच विचारा की शाफई फिक्हचा वेगळा तास आहे का. नसेल तर सुट्टीत गावाकडच्या शाफई आलिमांकडून मत्न अबी शुजा आणि उम्दतुस्सालिक ही पुस्तकं समजून घ्या. आणि रक्त थांबतच नसेल तर मसला सांगून मोकळं होऊ नका, डॉक्टरकडे पाठवा.

या विषयाची लाज बाळगायचं कारण नाही. अन्सारी (मदिनेतल्या) बायकांना दीन (धर्म) समजून घेताना लाज आड आली नाही, म्हणून पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांचं कौतुक केल्याचं हदीसमध्ये आहे. पुरुषांमुळे आम्हाला तुमचा वेळ मिळत नाही, आम्हाला शिकवायला एक दिवस द्या, अशी मागणी बायकांनी पैगंबरांकडे (स.) केली आणि त्यांनी तो दिला, हेही बुखारी या हदीसच्या संग्रहात आहे.

दुसरा विषय फराइज, वारसाहक्काचं गणित. मला तो सगळ्यात आवडला. मुळाशी कुरआनच्या सूरह निसाच्या 11, 12 आणि 176 या तीन आयती आहेत. हिस्से सहाच: 1/2, 1/4, 1/8, 2/3, 1/3, 1/6. समजा एक माणूस वारला आणि मागे बायको, आई, एक मुलगा, एक मुलगी आहे. आधी दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत, म्हणजे मृत्युपत्र (तीही तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच). बायकोचा मेहर (लग्नात नवऱ्याने द्यायची कबूल केलेली रक्कम) द्यायचा राहिला असेल तर तो कर्जात धरायचा. हे फार बायकांना माहीत नसतं. उरलेल्याचे 72 भाग करा. बायकोला आठवा हिस्सा म्हणजे 9, आईला सहावा म्हणजे 12. राहिले 51, त्यातले मुलाला 34 आणि मुलीला 17. आपल्याकडे मुलीच्या या 17 भागांवर हक्कसोडपत्राची सही घेतली जाते, आणि माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. तिला आपला हिस्सा आकड्यात सांगणारं माणूस घरातलं नसतं, ते तुम्ही व्हा. जाणत्या सहाबींनीही (पैगंबरांच्या सोबत्यांनीही) फराइजचे प्रश्न हजरत आयेशांना विचारल्याची नोंद आहे. तेव्हा हा विषय पुरुषांचा म्हणून मुलींना वरवर शिकवला जात असेल तर जास्तीचा तास मागून घ्या. फक्त एक जपा: 1937 च्या शरियत कायद्यात शेतजमिनीचा अपवाद आहे. सातबाऱ्याचा प्रश्न आला की वकिलाकडे न्या.

हदीसच्या शेवटच्या वर्षाबद्दल थोडंच. मुलींचा कोर्स पुष्कळ ठिकाणी मुलांपेक्षा कमी वर्षांचा असतो, त्यामुळे सिहाह सित्ताची (हदीसच्या मुख्य संग्रहांची) सहाही पुस्तकं पूर्ण होतीलच असं नाही. कोणतं पुस्तक पूर्ण आणि कोणतं निवडक, हे आधी विचारा. अकराव्या शतकात मक्केत करीमा मरवजिया नावाच्या बाई बुखारी शिकवत आणि खतीब बगदादींसारख्या आलिमांनी त्यांच्याकडे ती वाचली. मुलींना एवढं पुरे म्हणणाऱ्यांना हे नाव सांगा.

आलिमाच्या सनदेवर (पदवीपत्रावर) नोकरी मिळेल का, हे आया हमखास विचारतात. मकतब आणि मदरशात शिकवता येतं, पगार बेताचा. शाळेत पहिली ते आठवीला शिकवायचं तर डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि टीईटी लागतंच, आलिमाच्या सनदेने ते भागत नाही. म्हणून बारावी सोडू नका. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (एनआयओएस) मदरशात राहूनही बारावी देता येते. ती द्यायला परवानगी आणि वेळ देणारा मदरसा निवडा. अलीगढ, जामिया मिल्लिया आणि हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ काही मदरशांच्या सनदा प्रवेशासाठी मान्य करतात. मदरशांची नावं यादीत दिलेली असतात. तुमच्या मदरशाचं नाव त्या वर्षीच्या यादीत आहे का, ते फॉर्म भरण्याआधी स्वतः वाचा, कोणाच्या तोंडी आश्वासनावर राहू नका. अलीगढला 2013 पासून मदरशातल्या मुलामुलींसाठी ब्रिज कोर्सही (विद्यापीठाच्या शिक्षणाशी जोडणारा तयारीचा कोर्स) आहे. पुढे अरबीत किंवा इस्लामिक स्टडीजमध्ये एम.ए. करून नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) देता येते.

मदरशाच्या पाहणीला जाल तेव्हा आईला बरोबर घ्या आणि ऑफिसात बसून परत येऊ नका. शेवटच्या वर्षाच्या मुलींशी बोला. जेर-जबर नसलेलं अरबी पान त्यांच्यापुढे ठेवा आणि वाचून दाखवायला सांगा. आजारी पडल्यावर कोण नेतं, घरी फोन कधी करता येतो, हेही त्यांनाच विचारा.