तळघरातली ओल घालवायची, तर खिडकी कधी उघडायची?

तळघरातून कुबट वास यायला लागला की घरात कुणीतरी म्हणतंच, "खिडक्या उघडा, हवा खेळू दे." पुण्यात जानेवारीत हे बरोबर आहे. जुलैत याच उपायाने ओल वाढते.

आधी ओल येते कुठून ते बघा. भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा आणि दोन दिवस राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं, तर ओल भिंतीतूनच येतेय. मग वॉटरप्रूफिंग किंवा बाहेरच्या पन्हळीचं, पागोळ्यांचं पाणी वळवणं आलंच. नुसत्या वाऱ्याने भागणार नाही. खोलीकडच्या बाजूला दव जमलं, तर दोष हवेतल्या बाष्पाचा.

आता दोन डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता आणि तापमान दाखवणारी यंत्रं) घ्या. तासभर शेजारी ठेवून दोघांचे आकडे जुळतात का पाहा. मग एक तळघरात ठेवा, दुसरा बाहेर सावलीत.

खरी गोम पुढे आहे. आतबाहेरच्या आर्द्रतेचे टक्के थेट ताडून पाहू नका, दवबिंदू काढा. दवबिंदू म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते तापमान; तो जितका कमी, तितकं हवेत पाणी कमी. तो असा काढा: १०० मधून आर्द्रता वजा करा, ५ ने भागा आणि येणारा आकडा तापमानातून वजा करा. (आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तरच हा ठोकताळा चालतो.) समजा, जानेवारीतल्या सकाळी बाहेर १२ अंश आणि ८० टक्के आहे, म्हणजे दवबिंदू ८. तळघरात २२ अंश, ७० टक्के, दवबिंदू १६. टक्के बाहेर जास्त दिसतात, तरी बाहेरची हवा कोरडी आहे. खुशाल उघडा! जुलैत बाहेर २६ अंश, ८५ टक्के असेल तर दवबिंदू २३. आत २५ अंश, ७० टक्के, म्हणजे १९. अशा वेळी खिडकी उघडली, तर आत येणारी प्रत्येक घनमीटर हवा चारएक ग्रॅम जास्तीचं पाणी घेऊन येते आणि ते गार भिंतीवर बसतं.

बाहेरचा दवबिंदू निदान ३ अंशांनी कमी असेल तेव्हाच एक्झॉस्ट फॅन लावा. हवा आत यायची खिडकी फॅनच्या समोरच्या टोकाला हवी. दोन्ही शेजारी असतील, तर पलीकडचा कोपरा तसाच कोंदट राहतो. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. मार्चमधल्या दुपारी गणिताची गरजच नाही, सगळं सताड उघडा.

पावसाळ्यात मात्र दारं-खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर (हवेतलं बाष्प ओढून टाकीत पाणी साठवणारं यंत्र) चालवा आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. टाकी रोज उपसायचा कंटाळा येतो. तिची नळी सरळ मोरीत सोडा. रंगकामाची घाई नको. ओल्या भिंतीवर ऑइल पेंट दिला की ओल आत कोंडते आणि पुढच्या वर्षी पोपडे हातात येतात.