चहा आणि हिमोग्लोबिन: संबंध तपासायचा तर आधी काय ठरवाल?

थिसिस करणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात ते बहुधा भरलेली एक्सेल शीट घेऊनच. "मॅडम, कोणती टेस्ट लावू?" तोवर उशीर झालेला असतो. दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही, याचं उत्तर टेस्टवर कमी आणि कोणाला, कधी, कशाने मोजलं यावर जास्त ठरतं. म्हणून मी त्यांना सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आधी मंजूर करून घ्यायचा आराखडा, लिहितानाच बसवून घेते. वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हमखास भेटणारा एक विषय घेऊ: चहा पिणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं का?

आधी विषयाचं पूर्ण वाक्य करा. 'चहा व ॲनिमिया' हे शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. प्रश्न असा: गावात राहणाऱ्या, 18 ते 45 वयाच्या, गरोदर नसलेल्या बायकांमध्ये खाण्यासोबत किंवा खाल्ल्यावर तासाभरात घेतलेला चहा आणि रक्तातलं हिमोग्लोबिन यांचा संबंध काय? गरोदर बायका का वगळल्या? गरोदरपणात रक्त पातळ होतं, हिमोग्लोबिन तसंही उतरतं, आणि ॲनिमियाचा (रक्तक्षयाचा) निकषही दर डेसिलिटरला 12 ऐवजी 11 ग्रॅम आहे. 'खाण्यासोबत' का? चहातली टॅनिन्स भाकरी, डाळ, पालेभाजीतलं लोह बांधून ठेवतात, ते अंगी लागत नाही. दोन जेवणांच्या मध्ये दुपारी चारला घेतलेल्या चहाचा तेवढा उपद्रव नाही. आणि आपल्याकडे कितीतरी घरांत सकाळचं खाणंच चहा-चपाती. 'दिवसाला किती कप?' एवढंच विचारलंत तर नेमका मुद्दा निसटला.

त्यात 'कप' म्हणजे काय, हा वेगळाच घोळ. कुणाचा स्टीलचा पेला, कुणाची बशी, कुणाचं कटिंग. सोपा उपाय म्हणजे तिच्याच भांड्यात ती नेहमी घेते तेवढं पाणी भरायला सांगा आणि ते मोजपात्रात ओतून मिलिलिटर लिहा. 'साधारण किती पिता?' असं विचारू नका. साधारण कुणालाच आठवत नाही. कालच्या सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लं-प्यायलं ते क्रमाने वदवून घ्या, आणि काही दिवसांनी पुन्हा एकदा.

हिमोग्लोबिनचंही तसंच. हिमोग्लोबिन मोजायच्या जुन्या साहली पद्धतीत नळीतला रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो, म्हणजे दोन तंत्रज्ञांचे दोन आकडे. सगळ्यांचं रक्त शिरेतून घ्या, एकाच सेल काउंटरवर (रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्रावर) तपासा, आणि कोणती बाई किती चहा पिते हे तपासणाऱ्याला कळू देऊ नका.

"नमुना मोठा घेतला की या चुका आपोआप धुऊन निघतात ना?" नाही. इथे मला नेहमी संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग सुखात्मे आठवतात, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. 1940च्या दशकात पिकांचं उत्पादन मोजायला शेतात छोटे तुकडे आखून कापणी करायची पद्धत होती. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान असेल तर उत्पादन फुगून येतं. कारण साधं आहे. सीमारेषेवरची रोपं आत धरायची की बाहेर, अशा वेळी कापणाऱ्याचा हात आतच वळतो, आणि तुकडा जितका लहान तितका त्यात सीमेचा वाटा मोठा. असे हजार तुकडे घेतले तरी चूक त्याच दिशेची राहते. फरक इतकाच, की मोठ्या नमुन्यामुळे ती जास्त आत्मविश्वासाने छापली जाते.

आता कोरा कागद घ्या. डावीकडे 'चहा', उजवीकडे 'हिमोग्लोबिन' लिहा, मध्ये बाण काढा. मग दोघांनाही हलवू शकेल असं जे जे सुचेल ते वर लिहा: घरची परिस्थिती, बाळंतपणं किती झाली, मांस-मासे खाते का, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, पाळीत रक्तस्राव किती. हातावर पोट असलेल्या घरात भूक मारायला चहा जास्त होतो आणि ताटात लोह कमी असतं. मग हिमोग्लोबिन कशाने उतरलं, चहाने की ताटाने? या कागदावरचा प्रत्येक घटक प्रश्नावलीत यायलाच हवा. न विचारलेली गोष्ट मागाहून कोणत्याही सॉफ्टवेअरला दुरुस्त करता येत नाही.

आणि बाण उलटाही काढून बघा. रक्त कमी असलेली बाई थकते, थकली की चहा घेते. एका भेटीत चहा आणि रक्त दोन्ही मोजलं तर कोण आधी आलं ते कळणार नाही. क्रम हवा असेल तर आज चांगलं हिमोग्लोबिन असलेल्या बायका घेऊन वर्ष-दोन वर्षं पाठपुरावा करावा लागेल. कारणच सिद्ध करायचं तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना चहा खाण्यापासून तासभर लांब घ्यायला सांगावं लागेल. एमडीच्या मुदतीत बहुतेकांना एका भेटीचीच पाहणी झेपते. चालेल, पण मग निष्कर्षात 'चहामुळे' लिहायचं नाही.

बायका कुठून आणायच्या? ओपीडीतून नको. तिथे मुळात त्रास होतो म्हणून माणसं येतात. आशाताईंकडे घरांची यादी असते, तिच्यावरून पात्र बायकांची यादी करा. किती जणी, हे तुम्हाला किती बारीक संबंध पकडायचा आहे त्यावर ठरतं. सहसंबंध गुणांक (0 म्हणजे सरळ रेषेतला संबंध नाही, 1 किंवा उणे 1 म्हणजे पूर्ण) 0.5 असेल तर 29 जणी पुरतात, 0.3 साठी 85, आणि 0.2 साठी 194 लागतात (संबंध नसताना 'आहे' म्हणण्याची शक्यता पाच टक्के, असलेला संबंध पकडण्याची, म्हणजे पॉवर, 80 टक्के). चहाचा परिणाम असलाच तर लहान असणार, म्हणून 194 धरा. दहातली एक नकार देईल किंवा सापडणार नाही, म्हणून 216. यादीत 1,300 च्या आसपास नावं असतील तर दर सहावं नाव. सुरुवात कुठून, ते 1 ते 6 मधली चिठ्ठी काढून ठरवा. घराला कुलूप दिसलं तर शेजारणीला उचलू नका. दिवसा घरी सापडणाऱ्या बायका आणि रोजाने जाणाऱ्या बायका वेगळ्या असतात. संध्याकाळी पुन्हा जा.

डेटा आला की आधी आलेख. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस ॲन्स्कोम यांनी 1973 मध्ये आकड्यांचे चार संच दिले. चारींचा सहसंबंध 0.816, पण कागदावर मांडले की एकात सरळ कल, एकात वक्र रेषा, आणि उरलेल्या दोघांत एकेका ठिपक्याने सगळं चित्र फिरवलेलं. 194 ठिपके डोळ्यांखालून घालायला किती वेळ लागतो? दुसरं, हिमोग्लोबिनचे 'ॲनिमिया आहे' आणि 'नाही' असे दोन ढीग करण्याची घाई करू नका. 11.9 आणि 12.1 वाल्या दोघींत फरक काहीच नाही, आणि 7.5 वाली 11.9 वालीच्या पंगतीला बसते. आकडा आकडाच ठेवा आणि कागदावरचे घटक सोबत घेऊन रिग्रेशन करा, म्हणजे ते घटक हिशेबात धरून चहाचा संबंध वेगळा काढा. कोणते घटक घ्यायचे ते मात्र आधी लिहून ठेवलेलं हवं, निकाल बघून निवडलेलं नको.

समजा 194 जणींत गुणांक उणे 0.12 आला, पी व्हॅल्यू (संबंध मुळात नसता तर निव्वळ योगायोगाने इतका गुणांक येण्याची शक्यता) 0.10 च्या जवळपास, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर. विद्यार्थी लगेच लिहितो, "चहा व हिमोग्लोबिन यांचा संबंध नाही." खोडा ते. या गुणांकाचा 95 टक्के विश्वासांतराल, म्हणजे खरा गुणांक ज्या टप्प्यात असू शकेल तो पट्टा, उणे 0.26 पासून अधिक 0.02 पर्यंत पसरतो. म्हणजे दखल घ्यावा इतका संबंधही त्यात बसतो आणि शून्यही. थिसिसमध्ये तो अंतराल जसाच्या तसा छापा. परीक्षकाने विचारलं, तर 194 कुठून आले ते दाखवायला सिनॉप्सिसचं पान हाताशी ठेवा.