वाडीत छोटं घर बांधायचंय? आधी एक पावसाळा जागा बघा

दहिसरच्या आमच्या वाडीत घर बांधायचं ठरलं, तेव्हा जुलैच्या मुसळधार पावसात छत्री घेऊन आम्ही वाडीत उभे राहिलो आणि पाणी जिथवर चढलं तिथे कुंपणाच्या भिंतीवर गेरूने रेघ ओढली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला होता. मुंबईत जोत्याची, म्हणजे घराखालच्या चौथऱ्याची, उंची अंदाजाने ठरवू नये. आम्ही जोतं त्या रेघेच्या दोन फूट वर घेतलं.

कागद आधी. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा, जागा मोजून घ्या, क्षेत्रफळ जुळतं का बघा. पालिकेकडून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय याचा दाखला, घ्या. आरक्षण किंवा रस्तारुंदी निघाली तर तिथेच कळतं. खाडी जवळ असेल तर सीआरझेडही, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंधही, तपासा.

मग झाडं. प्रत्येक बुंधा नकाशावर दाखवायला सांगा. झाड स्वतःच्या जागेतलं असलं तरी तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ पासून तसा कायदाच आहे. आमच्या आंब्यासाठी स्वयंपाकघर चार फूट मागे सरकलं. आता ओट्याशी उभं राहिलं की खिडकीत मोहोर दिसतो. लहान जागेत हेच जपायचं असतं.

आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंट (पाया, खांब, स्लॅबचं गणित मांडणारा इंजिनीअर) परवानाधारकच घ्या. आधी आयओडी, म्हणजे नकाशांना पालिकेची अटींसह मंजुरी, मग सीसी, म्हणजे काम सुरू करायचा दाखला. सीसी बहुधा जोत्यापर्यंतची मिळते. जोतं तपासून झालं की पुढची.

पावसाळा सरला की चुन्याची फक्की मारून आखणी करा आणि खोदाई सुरू करा. खड्ड्यात काळी चिकणमाती लागली तर कन्सल्टंटला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. जोत्यात मुरूम एकदम ओतू देऊ नका: अर्ध्या फुटाचा थर, पाणी, धुम्मसाने ठोकणं, मग पुढचा थर. इथे घाई केली की दोन वर्षांत लाद्या खचतात.

स्लॅबवर पाणी मारणं गवंड्यावर सोडू नका. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर किमान १० दिवस ओल टिकली पाहिजे. सिमेंट-वाळूची आळी बांधून पाणी साठवा, खांबांना गोणपाट गुंडाळा. मी रोज सकाळी बोट लावून बघायची.

ओसी, म्हणजे पालिकेचा राहायला परवानगी देणारा दाखला, हातात आल्यावरच राहायला जा. वाडीत जुनी विहीर असेल तर बुजवू नका. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी वाहू द्या, मग गच्चीचा पाइप गाळणीतून विहिरीत सोडा.